खालून वर वाचायचं

(दृश्य : लोखंडी ट्रंक उघडते.)

आजीच्या ट्रंकेत तळाला एक गाठोडं असायचं. घडी न मोडलेलं इरकली लुगडं, काशीहून आणलेला, तोंडाला डाख दिलेला गंगेचा गडू आणि रुमालात बांधलेल्या नोटा. "माझ्या दिवसांना लागतील," म्हणायची. आम्ही विचारायचो, कसले दिवस? ती हसायची. आई मात्र डाफरायची, "तिन्हीसांजेला काय अभद्र बोलता!"

(दृश्य : बोरिवली, एकसरचे वीरगळ.)

घरात जो विषय निघू द्यायचा नाही, तोच आपल्या लोकांनी दगडात कोरून उघड्यावर उभा केला. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. तो खालून वर वाचायचा. तळाला लढाई. इथल्या काही दगडांवर तर लढणारी जहाजं आहेत, वल्ह्यांसकट. त्यावर वीराला घेऊन निघालेल्या अप्सरा. आणखी वर शिवलिंगाची पूजा.

पण हे लढून मेलेल्यांचं. अंथरुणाला खिळून राहिलेल्यांसाठी कुणी दगड कोरला नाही.

(दृश्य : परळ, केईएम रुग्णालयाबाहेरचा रस्ता.)

अरुणा शानबाग इथे परिचारिका होत्या. 1973 साली रुग्णालयातच त्यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर 2015 पर्यंत त्या इथेच पडून होत्या. सहकारी परिचारिकांनी त्यांना भरवलं, पुसलं, कूस बदलली. एक पिढी निवृत्त झाली, तसं पुढच्या पिढीने केलं. त्यांचं अन्न थांबवावं, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये नाकारली. परिचारिकाही त्या मागणीच्या विरोधातच होत्या. अरुणाताईंना काय हवं होतं, हे मात्र त्यांना विचारायची सोयच उरली नव्हती.

शुद्धीत असतानाच ते लिहून ठेवायची मुभा 2018 च्या निकालाने दिली. लिव्हिंग विल. आधी त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, कोण जाणार? 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने कोण निर्णय घेईल, त्याचं नावही लिहायचं.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. चष्मा, कागद, पेन्सिल.)

आई त्या नावाशीच अडली. "दादाचं नको. तो नुसता रडत बसेल."

तासभर कागद तसाच. शेवटी मी म्हटलं, राहू दे, तुझा वीरगळ काढ. हसली, पण पेन्सिल घेतली. तळाला डोंबिवली लोकल, दारात पर्स पोटाशी धरलेली ती. मधल्या चौकटीत आम्ही दोघं, बाबा, प्रेशर कुकर. कुकर बाबांपेक्षा मोठा झाला होता. वरची चौकट कोरीच.

"इथे काय?" मी विचारलं.

"खिडकी. बाबांना ठेवलं होतं तिथे नव्हती. दिवस की रात्र, कळायचं नाही त्यांना."

नमुन्यात खिडकीसाठी रकाना नाही. समासात लिहिलं. खाली माझं नाव.