गुंडाळलेला माग

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास मेंढ्या घेऊन घाट उतरणारे धनगर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. पुढे मेंढरं, मागे घोडं, घोड्यावर सगळं बिऱ्हाड. आता त्या बिऱ्हाडात एक माग आहे आणि मागावर अर्धवट विणलेला गालिचा, असं डोळ्यांपुढे आणा. इराणच्या फार्स प्रांतातले कश्काई लोक असेच फिरत आले आहेत.

शिराझ शहराच्या आसपासचा हा मुलूख. कश्काई बोलतात तुर्की वळणाची भाषा, राहतात फारसी मुलखात. हिवाळ्यात इराणच्या आखाताकडची उबदार कुरणं, उन्हाळ्यात झाग्रोस डोंगरातली थंड कुरणं. मुक्काम बकरीच्या केसांच्या काळ्या तंबूत. तंबूत खाली जमीन, आणि डोंगरातली रात्रीची जमीन गार असते. म्हणून लोकरीचा जाड गालिचा हवा. दिवाणखाना सजवायला म्हणून तो जन्माला आलेला नाही. (आपला ‘गालिचा’ हा शब्दही फारसीतलाच. तिकडे ‘काली’, आणि लहानसा असेल तर ‘कालीचे’.)

शहरातला माग उभा असतो, भिंतीला टेकलेला. फिरस्त्यांचा माग जमिनीवर आडवा. दोन दांड्या, चार खुंट्या, मध्ये ताणलेला लोकरीचा ताणा. बाई विणून झालेल्या भागावरच बसते आणि विणत विणत पुढे सरकते. मुक्काम हलला की खुंट्या उपटायच्या, विणकामासकट माग गुंडाळायचा आणि जनावरावर लादायचा.

आता गाठ कशी पडते ते पाहू. आपली सतरंजी किंवा घोंगडी म्हणजे नुसतं उभंआडवं विणकाम, त्याला लव नसते. इथे लोकरीचा एक धागा ताण्याच्या शेजारशेजारच्या दोन धाग्यांभोवती फिरवायचा, त्याची दोन्ही टोकं त्या दोघांच्या मधून वर ओढायची आणि सुरीने कापायची. झाली एक गाठ. ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून लोखंडी दातांच्या पंजाने ठोकून बसवायचा. एका चौरस सेंटिमीटरमध्ये 20 गाठी धरा. दीड मीटर लांब, एक मीटर रुंद गालिच्याला 3 लाख गाठी झाल्या. दिवसाला 5 हजार धरल्या तरी 60 दिवस लागतात, तेही दिवसभर दुसरं काही केलं नाही तर. आणि दूध काढायचं, ताक घुसळायचं, भाकरी भाजायच्या, पोरं सांभाळायची, हे सगळं त्याच बाईकडे!

लोकर आपल्याच मेंढ्यांची. ती पुरुष कातरतात, सूत बायका काततात. लाल रंग मंजिष्ठेच्या जातीतल्या एका मुळाचा, निळा निळीचा, तपकिरी अक्रोडाच्या सालीचा, पिवळट डाळिंबाच्या सालीचा. रंगाचं भांडं लहान, त्यामुळे सूत थोडंथोडं रंगवायचं. पुढच्या खेपेला पाणी वेगळं, मूळ वेगळं, म्हणून लाल जरा फिकट येतो. गालिच्यात मध्येच असा आडवा पट्टा उमटतो. त्याला तिकडे ‘अब्रश’ म्हणतात. नवखं गिऱ्हाईक नाक मुरडतं. जाणकार मात्र तोच पट्टा शोधत असतो.

कारखान्यात चौकटीच्या कागदावर नक्षी काढलेली असते, विणणाऱ्याने ती उतरवायची. कश्काई बाईपुढे कागद नसतो. आईकडून आलेलं डोक्यात, बाकीचं हाताला सुचेल तसं: बकरी, झाड, मोर, क्वचित सिंह. म्हणूनच एकीच्याच हातचे दोन गालिचे हुबेहूब सारखे होत नाहीत. फार्समधल्या या विणकामाची नोंद युनेस्कोने 2010 साली आपल्या वारसा-यादीत केली.

सगळं सुखाचं नव्हतं. 1930 च्या दशकात इराणचा तेव्हाचा राजा रझाशाह याने फिरस्त्यांना सक्तीने एका जागी बसवलं. कुरणांच्या वाटा तुटल्या, जनावरं मेली. 1941 मध्ये तो गादीवरून गेला आणि पुष्कळजण पुन्हा वाटेला लागले. आज अनेक कुटुंबं गावांत स्थिरावली आहेत, आणि जी फिरतात त्यांतली बरीच मेंढरं ट्रकमध्ये घालून नेतात.

कधी असा गालिचा समोर आला तर तो उलटा करा. गाठी पाठीवर स्पष्ट दिसतात. मग दोन्ही कडांवरून नजर फिरवा. मध्येच कुठेतरी रुंदी बोटभर कमीजास्त झालेली असेल. माग उखडून नव्या जागी ताणला की ताण थोडा बदलतोच. तिथे मुक्काम हलला होता, असं खुशाल समजा.

नमस्कार.