डॉन जॅझी: लेगोसचा एक प्रोड्यूसर आणि त्याच्या दोन कंपन्या

'काम डाउन' तुम्ही ऐकलंय. नाव आठवत नसेल, पण २०२३ ला ते रील्समध्ये, हळदीच्या डीजेवर, जिममध्ये एवढं वाजलं की शेवटी शेवटी वैतागच आला होता. गाणारा रेमा, नायजेरियातल्या बेनिन सिटीचा पोरगा, त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत शो करून गेला आणि २०२४ ला अंबानींच्या लग्नातही गायला. पण आजचा व्हिडिओ रेमावर नाहीये, तो ज्या मेविन रेकॉर्ड्सचा आर्टिस्ट आहे ती कंपनी उभी करणाऱ्या माणसावर आहे. स्वतः गायक, स्वतः प्रोड्यूसर म्हणजे गाण्याचं संगीत बनवणारा, आणि गंमत म्हणजे 'काम डाउन'चा बीट त्याने बनवलेलाच नाही.

मायकल कॉलिन्स अजेरे, म्हणजेच डॉन जॅझी. जन्म १९८२, अबिया राज्यातलं उमुआहिया. वाढला मात्र लेगोसच्या अजेगुनलेमध्ये, दाटीवाटीची गरीब वस्ती, नायजेरियाला फुटबॉलवाले आणि गाणारे दोन्ही पुरवणारी. १२ वर्षांचा असताना बास गिटार हातात आली, मग पियानो, ड्रम, जे मिळेल ते. २००० च्या सुमारास लंडनला गेला तो चर्चमध्ये ड्रम वाजवायला, आणि तिथे त्याची गाठ पडली गायक डी'बांजशी. डी'बांज म्हणजे तोंडात माउथ ऑर्गन, अंगात नुसती मस्ती, कॅमेरा दिसला की सुटलाच. डॉन जॅझी एकदम उलटा, जुने व्हिडिओ काढून बघा, बहुतेक वेळा मागे शांत उभा असतो.

२००४ ला दोघं लेगोसला परतले आणि मो'हिट्स रेकॉर्ड्स नावाची म्युझिक कंपनी चालू केली. पुढच्याच वर्षी डी'बांजचा पहिला अल्बम आला, त्यातलं 'टोंगोलो' गाजलं. हळूहळू वांडे कोल, डॉक्टर सिड, डॉन जॅझीचा सख्खा भाऊ डी'प्रिन्स असे सगळे गायक जमत गेले. गाण्यात 'इट्स डॉन जॅझी अगेन' असं ऐकू आलं की लोकांना कळायचं, माल कुणाचा आहे. ड्रम ठसठशीत आणि कोरसमध्ये आवाजांचे थरावर थर, मला तरी त्यात चर्चचं वाजवणं स्पष्ट ऐकू येतं. २००९ चा वांडे कोलचा अल्बम 'मुशिन टू मो'हिट्स' ऐका, माझ्या मते डॉन जॅझीचं बेस्ट काम तेच.

आणि हे सगळं होत होतं तेव्हा स्ट्रीमिंग वगैरे काही नव्हतं हां. लेगोसच्या अलाबा मार्केटमधले व्यापारी सीडी छापून विकायचे, त्याच बाजारात पायरेटेड सीडीही विकली जायची, त्यामुळे खरी कमाई शोमधून आणि मोबाईलच्या कॉलर ट्यूनमधून. कॉलर ट्यूनचा जमाना आपल्याकडेही होताच की.

२०११ ला अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टने दोघांना आपल्या लेबलकडे, म्हणजे म्युझिक कंपनीकडे घेतलं. जे-झी आणि कान्येच्या 'वॉच द थ्रोन' अल्बममधल्या 'लिफ्ट ऑफ'ला डॉन जॅझीचाही थोडा हात लागला. डी'बांजचं 'ऑलिव्हर ट्विस्ट' २०१२ ला ब्रिटनच्या चार्टवर टॉप टेनमध्ये, नवव्या नंबरपर्यंत गेलं. आता बाहेरून बघणाऱ्याला वाटणार की गाडी सुसाट सुटली, आणि नेमकं त्याच वर्षी मार्चमध्ये दोघं वेगळे झाले, ते गाणं ब्रिटनमध्ये रिलीज व्हायच्याही आधी.

नायजेरियात तेव्हा हा घराघरातला विषय झाला होता, कुणाची चूक यावर लोक अजूनही भांडतात. आपण त्यात पडायला नको. मे २०१२ ला डॉन जॅझीने मेविन जाहीर केलं आणि लगेच 'सोलर प्लेक्सस' नावाचा अल्बम काढला. खरं सांगायचं तर घाईत काढल्यासारखा वाटतो. मो'हिट्समधले बरेच जण त्याच्यासोबत आले होते, गायिका टिवा सॅव्हेज नव्याने आली, पण डी'बांजसारखा समोर उभा राहणारा कुणी नव्हता. मग हा स्वतःच माइकवर जास्त यायला लागला. २०१३ ला टिवासोबत 'एमिनाडो', २०१४ ला अख्ख्या टोळीचं 'डोरोबुची'. त्या शब्दाचा अर्थ कुणालाही धड सांगता येत नव्हता तरी पब्लिक नाचत होतं, आणि २०१५ ला एमटीव्ही आफ्रिकाच्या अवॉर्ड्समध्ये साँग ऑफ द इयरही तेच.

शांत माणूस म्हटलं खरं, पण एक किस्सा ऐका. हेडीज अवॉर्ड्स, म्हणजे नायजेरियाचे संगीत पुरस्कार, १ जानेवारी २०१६ ची रात्र. नवोदित कलाकाराचं बक्षीस, ज्यात कार मिळते, ते मेविनच्या रीकाडो बँक्सला गेलं. रॅपर ओलामिडेला वाटत होतं की ते त्याच्या पोराला, लिल केशला, मिळायला हवं होतं आणि तो स्टेजवर तसं बोललाही. थोड्या वेळाने डॉन जॅझी स्टेजवर आला आणि म्हणाला की कार हवी असेल तर ये, घेऊन जा. ट्विटरवर रात्रभर राडा, मग काही दिवसांत दोघांचं जमलंही.

या सगळ्या काळात माणसं येत-जात होती. वांडे कोल २०१३ लाच बाहेर पडला होता, तोही वाद घालूनच, टिवा २०१९ ला गेली. पण मो'हिट्स एका जोडीवर उभं होतं म्हणून जोडी तुटल्यावर सगळंच बसलं, मेविनचं तसं झालं नाही. २०१९ ला कुपांडा होल्डिंग्स या गुंतवणूक कंपनीने पैसे घातले, आणि नवीन मुलांना आधी महिनोन्महिने तयार करायचं, मगच बाजारात आणायचं अशी पद्धत बसली. रेमाने डी'प्रिन्सच्या गाण्यावर फ्रीस्टाइल करून इन्स्टाग्रामवर टाकलं होतं, तिथून डी'प्रिन्सने त्याला उचललं. आयरा स्टारही इन्स्टाग्रामवर दुसऱ्यांची गाणी गायची, ती २०२१ ला लाँच झाली.

'काम डाउन' बनवलं आंद्रे वाइब्झ आणि लंडन या नव्या प्रोड्यूसर्सनी. सेलेना गोमेझसोबतचं रिमिक्स अमेरिकेच्या हॉट १०० चार्टवर तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं, स्पॉटिफायवर १ अब्ज स्ट्रीम्स ओलांडणारं आफ्रिकन कलाकाराचं पहिलं गाणं ठरलं. ज्याचा आवाज ऐकून गाणं ओळखलं जायचं, त्याने एवढ्या मोठ्या गाण्यात स्वतःचा एक सूरही घुसवला नाही. इगो असलेल्या माणसाला हे जमत नाही हो, इतकी वर्षं हिट देऊन झाल्यावर तर अजिबातच नाही.

२०२४ ला युनिव्हर्सल म्युझिकने मेविनमधला मोठा हिस्सा विकत घ्यायचं जाहीर केलं. कंपनी चालवायला डॉन जॅझी आणि त्याचा जुना सहकारी टेगा ओघेनेजोबोच राहणार असं ठरलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रॅमीमध्ये आफ्रिकन संगीताची कॅटेगरी पहिल्यांदा आली, आयराचं 'रश' त्यात नॉमिनेट होतं, पण बक्षीस नेलं साउथ आफ्रिकेच्या टायलाने.