पोस्टफिक्सची 'करप्ट' डिरेक्टरी

[दृश्य: काळ्या टर्मिनलवर मेल क्यूमधल्या फाइलींची यादी]

मेल पाठवला की तो वाटेतल्या सर्व्हरच्या डिस्कवर फाइल होऊन थांबतो. ही झाली मेल क्यू. डिस्क खराब झाली, मशीन अचानक बंद पडलं, की तिथली एखादी फाइल बिघडते. आणि मग ॲडमिनचा हात डिलीटकडे जातो.

तो हात थोडा थांबवा. आधी बघा, बिघाड कोणत्या वेळी झालाय.

वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर १९९८ मध्ये बाहेर आला. त्यात नवी फाइल लिहिली जात असताना तिची परवानगी (फाइल कोण वाचू, लिहू, चालवू शकतो याचा आकडा) ०६०० असते आणि पूर्ण लिहून झाली की ०७०० होते. फाइल डिस्कवर पक्की झाल्याशिवाय पोस्टफिक्स समोरच्या सर्व्हरला 'मिळाला' असं कळवतच नाही. म्हणजे बाहेरून आलेला मेल लिहिता लिहिता वीज गेली, तर पाठवणाऱ्या सर्व्हरकडे तो अजून आहे, तो पुन्हा पाठवेल. अशी जुनी, अर्धवट ०६०० फाइल गेली तरी काही बिघडत नाही.

०७०० ची गोष्ट वेगळी. तिची पोच देऊन झालेली असते. आता कदाचित हीच एकमेव प्रत.

[दृश्य: 'करप्ट' डिरेक्टरीतली एकच फाइल]

अशी फाइल वाचता आली नाही, तर पोस्टफिक्स ती पुसत नाही, 'करप्ट' डिरेक्टरीत बाजूला ठेवतो. मला या सॉफ्टवेअरबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे.

पहिलं काम, तिची कॉपी काढा. विमसारख्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. आत साधा मजकूर नसतो, प्रत्येक नोंदीसोबत तिची लांबी लिहिलेली असते. एक अक्षर वाढलं तरी हिशेब चुकतो. वाचायला पोस्टफिक्सचीच पोस्टकॅट ही कमांड आहे.

बॅकअपमधून क्यू परत आणली असेल, तर पोस्टफिक्स सुरू करण्याआधी 'पोस्टसुपर -एस' (postsuper -s) ही कमांड चालवा. जुन्या पद्धतीच्या फाइलनावात आयनोड क्रमांक, म्हणजे त्या डिस्कने फाइलला दिलेला अंतर्गत क्रमांक असतो, तो नव्या डिस्कवर जुळत नाही. ही कमांड नावं बदलून घेते.

आणि मजकूर हाती लागलाच नाही तर? पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता फाइलीच्या सुरुवातीला असतो. पुष्कळदा तेवढा भाग शाबूत राहतो. मग पाठवणाऱ्याला सरळ कळवा: तुमचा मेल आमच्याकडे खराब झाला, कृपया पुन्हा पाठवा.