एका प्रतीचं वाचनालय

(अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी, ग्रंथालय सप्ताहात झालेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार. मला सांगण्यात आलं होतं, "भाऊ, वाचनाचं महत्त्व या विषयावर बोला." नोव्हेंबर महिना आहे, कापसाची वेचणी सुरू आहे. दिवसभर वावरात वाकून आलेली माणसं हातपाय धुऊन इथे येऊन बसली आहेत. त्यांना मी वाचनाचं महत्त्व काय सांगू? त्यापेक्षा आमच्या गावात जे चाललंय ते सांगतो. आमचं गाव पूर्णा नदीच्या पलीकडच्या अंगाला आहे. आमचंही वाचनालय तुमच्यासारखंच आहे, ड वर्गातलं, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यांत लहान. दोन खोल्या, लोखंडी कपाटं, वर्तमानपत्राचं टेबल, आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं. त्या वाचनालयात आम्ही काही वाचक मिळून विषय ठरवून वाचतो. एक विषय, एक मुदत, आणि मुदत संपली की बैठक. शहरातली पोरं याला रीडिंग चॅलेंज म्हणतात. आमच्याकडेही आता "चॅलेंज लागलं" असंच म्हणतात.

शहरातले वाचनकट्टे तुम्ही ऐकून असाल. महिन्याचं एक पुस्तक ठरतं, सगळे ते विकत घेतात, वाचतात आणि जमतात. पद्धत चांगली आहे, पण आपल्याकडे ती चालत नाही. आपल्या वाचनालयात एका पुस्तकाची एकच प्रत असते. अनुदान जेवढं येतं तेवढ्यात नवं नाव घ्यायचं की जुन्याचीच दुसरी प्रत घ्यायची, असा प्रश्न आला की कोणीही नवं नाव घेईल, आणि ते बरोबरच आहे. पण मग उद्धव शेळक्यांची 'धग' दहा जणांना वाचायची असेल तर ती दहा घरं फिरणार. दहाव्याच्या हाती जाईपर्यंत पहिला वाचक त्यातल्या कौतिकचं पुढे काय झालं ते अर्धं विसरलेला असतो. बैठक घ्यायची कशावर? म्हणून गावातला वाचक एकटा वाचतो. पुस्तक परत करतो, रजिस्टरवर सही करतो, संपलं. वाचून जे पोटात साठलं ते बोलायला समोर कोणी नाही. खेड्यातलं वाचन कमी होतं ते या एकटेपणानं, असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाइलला उगाच दोष देतात.

विषय ठरवून वाचलं की ही अडचण सुटते. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचायचं नाही. विषय एक, पुस्तक ज्याचं त्याचं. जगभरचे पुस्तकवेडे हेच करतात. इंग्रजी वाचणाऱ्यांमध्ये 2015 पासून एक चॅलेंज चालतं, त्यात वर्षभरासाठी चोवीस कामं दिलेली असतात. अमुक प्रदेशातलं पुस्तक, तमुक प्रकारचं पुस्तक, आणि कामाला बसणारं पुस्तक वाचकानं स्वतः शोधायचं. ऑगस्ट महिना अनेक वाचक बायकांनी लिहिलेल्या आणि भाषांतरित झालेल्या पुस्तकांना देतात. ते 2014 ला सुरू झालं. मला सगळ्यांत आवडलेला प्रकार वेगळाच आहे. एक साल निवडायचं आणि त्या सालात पहिल्यांदा निघालेलं कोणतंही पुस्तक एका आठवड्यात वाचायचं. कोणी कादंबरी उचलतो, कोणी कविता, कोणी शिकारकथा. मग सगळे मिळून त्या एका सालाकडे दहा बाजूंनी बघतात.

ग्रंथपालन शिकलेल्यांना डॉ. रंगनाथन माहीत असतात. 1931 साली त्यांनी ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं असं, की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आपल्या कपाटांत कितीतरी पुस्तकं अशी आहेत, ज्यांच्या मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही. त्यांना वाचक मिळवून देण्याचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

आम्ही साल निवडलं 1955. का निवडलं ते सांगतो. तुकडोजी महाराजांची ग्रामगीता घराघरात आहे, संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेमुळे कानावरही आहे. ती 1955 च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली. कोणीतरी म्हणालं, मग त्याच साली मराठीत दुसरं काय निघालं ते पाहू. दाखल नोंदवही काढली. तिच्यात दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, वर्ष, पानं, किंमत असे रकाने असतात. पण वर्षाच्या रकान्यात लिहिलेलं असतं ते आपल्याकडे आलेल्या आवृत्तीचं वर्ष. पुस्तक पहिल्यांदा कधी निघालं ते कळायला पुस्तकच उघडावं लागतं. नावाचं पान उलटलं की मागे बारीक अक्षरात आवृत्त्यांच्या तारखा असतात. शाळेतली पोरं कपाटासमोर जमिनीवर बसली आणि एकेक पुस्तक काढून ते पान वाचू लागली. "पहिली आवृत्ती एकोणीसशे बासष्ट, ठेवा." "याच्यात लिहिलंच नाई सर." धूळ झटकत झटकत अख्खं कपाट पोरांच्या हातून गेलं. त्या पोरांना आज कोणतं पुस्तक कुठे आहे ते ग्रंथपालाच्या आधी सांगता येतं.

आणि काय सापडलं बघा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 ची. गोनीदांची 'पडघवली'ही 1955 ची. ग्रामगीता धरून तीन पुस्तकं, आणि तिन्ही गावाबद्दलची! बनगरवाडीत माणदेशातली धनगरवस्ती आहे, तिथे एक पोरगेलासा मास्तर शाळा चालवायला येतो. पडघवली कोकणातलं गाव, आणि ते आपल्याला अंबूवहिनी सांगते, त्या गावात सून म्हणून आलेली बाई. ती लिहिणारे गोपाळ नीळकंठ दांडेकर आपल्याच जिल्ह्यातले, जन्म परतवाड्याचा. आणि ग्रामगीता तर राष्ट्रसंत तुकडोजींची, यावलीत जन्मलेल्या, मोझरीत राहिलेल्या माणसाची. 41 अध्याय, 4,675 ओव्या, आणि अर्पण केलीय ग्रामदेवतेला. स्वातंत्र्य येऊन आठ वर्षं झाली होती. 2 ऑक्टोबर 1952 ला सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला होता, खेड्याचं काय करायचं हा देशापुढचा मोठा प्रश्न होता. आणि गंमत म्हणजे त्या साली आपलं वऱ्हाड मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर. माणदेश आणि कोकण मुंबई राज्यात. आपण मुंबई राज्यात गेलो ते 1 नोव्हेंबर 1956 ला. हे पोरांना माहीतच नव्हतं.

बैठकीला जे झालं ते मी विसरू शकत नाही. बनगरवाडी ज्यानं वाचली त्यानं गोष्ट सांगितली. मास्तर गावाला घेऊन तालीम बांधतो, सगळे हात लावतात, राजेसाहेब येतात. आणि मग पाऊस येत नाही. मेंढरं मरतात, माणसं एकेक करून वस्ती सोडतात, शाळेत पोरंच उरत नाहीत. हे ऐकून एक ताई, गावात आशा वर्कर आहेत, त्या म्हणाल्या, "त्या लोकायनं ग्रामगीता वाचली असती तं गाव टिकलं असतं काय?" त्यांनी ग्राम-आरोग्य, ग्रामशुद्धी हे अध्याय मन लावून वाचले होते, श्रमसंपत्तीचाही वाचला होता. मागे बसलेले एक आबाजी, ज्यांनी आयुष्यभर कोरडवाहू कसली, ते लगेच म्हणाले, "पाऊसच आला नाई तं गीता काय करन बाप्पा?" त्यावर जो वाद रंगला! गाव कशानं टिकतं? माणसांच्या एकीनं, की पाण्यानं? तालीम बांधायला एक झालेलं गाव दुष्काळात एक का राहिलं नाही? पडघवली वाचलेली मुलगी अकरावीतली. ती म्हणाली, पडघवलीत तर पाऊस भरपूर आहे, तरी गाव ओस पडलं, भावकीच्या भांडणांनी आणि मुंबईच्या वाटेनं. म्हणजे नुसतं पाणीही पुरत नाही. आबाजी गप्प झाले आणि त्यांनी पडघवली मागून नेली. आशाताईंनी बनगरवाडी नेली. तीन पुस्तकं, तीन प्रती, आणि सगळे एकाच प्रश्नावर बोलत होते. एकच पुस्तक सगळ्यांनी वाचलं असतं तर हे असं उघडलं असतं, असं मला वाटत नाही.

काही जण म्हणतात, हे बाहेरचं फॅड. श्रावणात पोथी लावतो ते काय असतं? ठरलेला ग्रंथ, ठरलेली मुदत, एक वाचणार, बाकीचे ऐकणार, समाप्तीला पंगत. ज्यांना अक्षर ओळखता येत नाही तेही त्यात असतात. म्हणून आमच्याकडे वाचून ऐकवलेलंही वाचलं असंच धरतात. नातवानं आजीला रोज रात्री दोन पानं वाचून दाखवली तर बैठकीत आजी बोलते, नातू गप्प बसतो. आणि आपल्याच जिल्ह्यातलं महानुभावांचं रिद्धपूर घ्या. म्हाइंभटांनी लीळाचरित्र कसं जमवलं? चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्याच्या ज्याच्यापाशी होत्या त्याला गाठून, विचारून, नागदेवाचार्यांकडून पडताळून. विषय एक, तोंडं अनेक. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ असा गोळा झालाय.

आता एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. विषय ठरवण्याआधी कपाट बघा. वाचणारे पंधरा आणि विषयाला बसणारी पुस्तकं चार, असं झालं की लोक पहिल्याच आठवड्यात सुटतात. आम्ही "वऱ्हाडातल्या लेखिका" असा विषय धरला तेव्हा हेच समोर आलं. कुसुमावती देशपांडे अमरावतीला जन्मल्या, 1961 साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या मानाच्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या बाई. गीता साने वाशीमच्या. स्वातंत्र्याच्या आधी त्यांनी बाईच्या बाजूनं ज्या कादंबऱ्या लिहिल्या त्या आजही धीट वाटाव्यात. आणि आमच्या कपाटात दोघींचं एकही पुस्तक नाही. वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण कोणी त्या नजरेनं कपाटाकडे पाहिलंच नव्हतं. विषय लावला म्हणून पोकळी दिसली. तो विषय आम्ही पुढे ढकलला आणि नावं खरेदीच्या यादीत घातली. अनुदानातून कोणती पुस्तकं घ्यायची याची यादी विक्रेत्याच्या गठ्ठ्यावरून करू नका हो, वाचकांना जे सापडलं नाही त्यावरून करा. हे मी कार्यकारी मंडळाला हात जोडून सांगतो.

मुदत आपल्या हंगामाला धरून ठेवा. मृग लागला की पेरणी, मग निंदण, डवरणी. तेव्हा कोणाला चारशे पानांची कादंबरी देऊ नका. त्या दिवसांत कवितेचा विषय लावा, एका बैठकीत वाचून होतील अशा कथांचा लावा. पऱ्हाटी उलंगली, म्हणजे कापसाची वेचणी संपली, तुरी घरी आल्या की मग मोठी पुस्तकं. जंगलाचा विषय आम्ही उन्हाळ्यात लावला होता. मारुती चितमपल्लींची पुस्तकं तेव्हा एका दिवसात कपाटातून गेली. नवेगाव, नागझिरा, मेळघाट, हे सगळं आपल्या पायाखालचं रान आहे, त्यामुळे प्रत्येकाला सांगायला स्वतःचं काही ना काही होतं.

आणि पुस्तकं मोजू नका. वर्षाला इतकी वाचीन असा आकडा लावणारे लोक असतात. ज्याला त्यातून हुरूप येतो त्यानं जरूर लावावा. पण गावाच्या बैठकीत आकडा आला की बक्षीस येतं, बक्षीस आलं की पोरं बारकी बारकी पुस्तकं शोधतात. आमच्याकडे एक सालदार भाऊ आहेत, सबंध मुदतीत त्यांनी ग्रामगीतेचे दोन अध्याय वाचले, गरिबी-श्रीमंतीचा आणि गोवंशसुधाराचा. त्या दोन अध्यायांवर ते जे बोलले, त्यातलं बैलांबद्दलचं आणि मालक-गड्याबद्दलचं, ते लिहून ठेवण्यासारखं होतं आणि आम्ही ठेवलंय. अभ्यासिकेतल्या पोरांनाही सोडू नका. त्यांना वेळ नसतो हे खरं, पण 1955 च्या वेळी राज्यपुनर्रचनेचं जे काही ते सांगू शकले ते आम्हा कोणाला सांगता आलं नसतं.

आता पुढचं. येत्या उलंगवाडीपासून गुढीपाडव्यापर्यंत आमचा विषय आहे पाणी. आपण खारपाणपट्ट्यात राहतो. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, नळाच्या पाण्याची वाट बघण्यात बायांचे दिवस जातात. पाण्यावर बोलायला आपल्याइतका हक्क कोणाला आहे? गोनीदांची 'पूर्णामायची लेकरं' आमच्याकडे आहे, आपल्या नदीकाठची, आपल्या बोलीतली, प्रत अर्थातच एक. तुमच्या कपाटात नद्यांवरची, विहिरींवरची, धरणांवरची, दुष्काळावरची दुसरी पुस्तकं असतील. मी ग्रंथपालभाऊंशी बोललोय. या वेळी दोन गावांनी मिळून चॅलेंज लावू. आमची पुस्तकं इकडे येतील, तुमची तिकडे जातील, आणि पाडव्याच्या संध्याकाळी बैठक इथेच, याच सभामंडपात. 'पूर्णामायची लेकरं' मी पिशवीत घेऊन आलोय. ज्याला पाहिजे त्यानं आत्ताच नाव सांगावं, मात्र पाडव्याला येऊन बोलायची तयारी पाहिजे. बाकीच्यांनी कपाट उघडा, नावाचं पान उलटून बघा, आणि काय घेतलं ते मला सांगा. मी इथेच बसून यादी लिहितो.