यादी पालिकेची, सही मंत्रालयाची

[दृश्य: काळा घोडा, एस्प्लनेड मॅन्शन. ओतीव लोखंडाचे खांब, जवळून]

हे एकेकाळचं वॉटसन्स हॉटेल. याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात घडला, जहाजातून मुंबईत आला आणि इथे जोडला गेला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं मुंबईकरांनी पहिल्यांदा पाहिली ती इथेच.

मुंबईच्या वारसा यादीत ही इमारत दुसऱ्या श्रेणीच्या 'अ' गटात आहे. म्हणजे आतून बदल चालतील, बाहेरचं रूप जपायचं. तरीही २०१९ साली म्हाडाने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने, ती रिकामी करून घेतली. आयआयटी मुंबईच्या अहवालानंतर पाडण्याची भाषा सुरू झाली. संवर्धन वास्तुविशारद म्हणाले, वाचवता येईल. प्रकरण हायकोर्टात गेलं.

मग यादीत नाव असून उपयोग काय?

[दृश्य: महापालिका मुख्यालय]

पुरातत्त्व खातं किल्ले, लेणी, देवळं सांभाळतं. चाळी, बंगले, जुनी ऑफिसं त्याच्या कक्षेत सहसा येत नाहीत. ही उणीव भरायला १९९५ मध्ये मुंबईत विकास नियंत्रण नियम ६७ आला: अशा वास्तूंची यादी करायची आणि त्यांत बदल करायला परवानगी घ्यायची. असा नियम करणारं मुंबई देशातलं पहिलं शहर. वारसा समिती सल्ला देते, आयुक्त परवानगी देतात किंवा नाकारतात. वाचायला सगळं स्थानिकच वाटतं. पण समिती नेमतं राज्य सरकार, यादीवर शेवटची मोहोर नगरविकास खात्याची, आणि आयुक्तांचा निर्णय फिरवायचा अधिकारही मंत्रालयाकडेच.

चारच वर्षांत त्याची चुणूक दिसली. १९९९ मध्ये तिसऱ्या, म्हणजे सर्वात खालच्या श्रेणीतल्या उपकरप्राप्त इमारतींना (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, भाड्याच्या इमारती) पुनर्विकासासाठी समितीकडे जायची गरज उरली नाही. गिरगाव, काळबादेवीच्या जुन्या घरांवरचं छत्र एका दुरुस्तीने निघालं.

[दृश्य: शिवाजी पार्क, गोलसर गॅलऱ्यांच्या इमारती]

दोष फक्त मंत्रालयाचा, असं मात्र म्हणता येत नाही. २०१२ मध्ये नवी, वाढीव यादी आली. त्यात शिवाजी पार्कचा परिसरही होता. आर्ट डेको घडणीची ही घरं, बहुतेक १९३०-४० च्या दशकांतली. रहिवाशांना अभिमान वाटेल असा यादी करणाऱ्यांचा होरा असावा. झालं उलटंच. लोक रस्त्यावर उतरले: आमचा पुनर्विकास अडकेल, लिफ्ट नाही, म्हाताऱ्यांनी जिने चढायचे कसे? तक्रार खोटी नव्हती. आधी यादी, मग हरकती, असा तो क्रम. हरकती ऐकायला माजी मुख्य सचिव दिनेश अफझुलपूरकर यांची समिती नेमली गेली, तीही सरकारनेच.

स्थानिकांच्या हाती अधिकार द्या, असं म्हणणाऱ्यांना, आणि त्यांत आम्हीही आलो, शिवाजी पार्क अडचणीत टाकतं. इथल्या स्थानिकांना विचारलं असतं, तर अनेकांनी यादीतून नाव काढायलाच सांगितलं असतं. पण आधी विचारलं असतं, तर दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, हा प्रश्न पालिकेला पहिल्याच बैठकीत सोडवावा लागला असता. नियमात मालकासाठी टीडीआरची, म्हणजे इथे न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूद होती. पागडीच्या भाडेकरूला त्यातून काय मिळणार, हे कुणी सांगितलं नाही.