सत्तावीसमधले सात आधी का येतात?

नमस्कार, श्रोतेहो. मूल शाळेतून घरी आलं की आपण विचारतो, "आज काय शिकवलं?" आणि ते दप्तर टाकत म्हणतं, "काही नाही." म्हणून आमच्या दुसरीच्या वर्गात या आठवड्यात काय चाललंय, ते मीच सांगते.

आम्ही दोन अंकी संख्या शिकतोय. सोमवारी मी म्हटलं, "सत्तावीस लिहा." पाट्या बघत फिरले, तर बऱ्याच पाट्यांवर ७२. एका मुलाने आधी ७ लिहिले, थोडा थांबला, मग डावीकडे जागा करून २ घातले. उत्तर बरोबर आलं, पण बोट उलटं चाललं होतं. मुलांचा यात काहीच दोष नाही. 'सत्तावीस' म्हणताना आपणच सात आधी म्हणतो आणि वीस नंतर. त्यात एकोणतीस आलं की आणखी पंचाईत. एकोण म्हणजे एक उणा. कानावर 'तीस' पडतं आणि पाटीवर ३९ उमटतं. एकोणनव्वदपर्यंत नीट आलेलं मूल अठ्ठ्याण्णवनंतर 'एकोणशंभर' म्हणतं. किती बिनचूक विचार आहे हो तो! चुकलास, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याला आठवत असेल, २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचनही आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या, की जोडाक्षरांची ही नावं मुलांना जड जातात. मला त्यांचं म्हणणं पटतं. बाजारात, एसटीत, आजीच्या तोंडी सत्तावीसच असणार, ते यायलाच हवं. पण आधी 'वीस आणि सात' कळू द्या, मग सत्तावीस आपोआप तोंडात बसतं.

आमचा भाग जत तालुक्यातला, सीमेलगतचा. कित्येक घरांत कानडी बोलतात. मंगळवारी दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे केले, बाकीच्या सुट्ट्या ठेवल्या. पुन्हा सत्तावीस मागितले. एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, पुटपुटली, "इप्पत्तेळु." आणि दोन गठ्ठे, सात काड्या झटकन माझ्यापुढे ठेवल्या. कानडीत वीस आधी आणि सात नंतर म्हणतात. तिच्या आजीच्या भाषेत दशक-एकक आधीच मांडून ठेवलेलं होतं. त्या दिवसापासून ती सगळ्या वर्गाला कानडी आकडे शिकवतेय.

पालकांना एवढंच सांगते, घरी अंक घोकून घेऊ नका. मूठभर चिंचोके द्या, दहा-दहाचे ढीग करायला लावा, मग विचारा, किती झाले?

काल एकोणतीस घेतलं. दोन गठ्ठे, नऊ सुट्ट्या. मी विचारलं, "याला एकोणतीस का म्हणायचं?" कुणी बोलेना. मग मागच्या ओळीतला एक जण उठला, डब्यातली एक काडी त्या नवांत घातली, दहांना रबर लावलं आणि म्हणाला, "बाई, एवढी एकच कमी होती."