रिमाकच्या दरीतला ताप

[दृश्य: पेरू. अँडीजच्या कड्यांमधून जाणारा लोहमार्ग, दरीवरचा पूल. दिवेलागणीची वेळ.]

लिमाहून गाडी डोंगर चढू लागली की रिमाक नदीच्या खोऱ्यात हा पूल लागतो. लिमा ते ओरोया या लोहमार्गाचं काम 1870 मध्ये सुरू झालं आणि दुसऱ्याच वर्षी इथल्या छावण्यांमध्ये मजूर तापाने मरू लागले. धडधाकट माणूस आठवड्याभरात पांढराफटक पडायचा, डोळे पिवळे व्हायचे, उठून बसायचं त्राण उरायचं नाही. बळींची संख्या हजारांत गेली. त्यात बाहेरून आलेले मजूर जास्त होते. या तापाला नाव पडलं ओरोया ताप.

खोऱ्यातल्या जुन्या रहिवाशांना मात्र वेगळंच दुखणं माहीत होतं. अंगावर लालभडक, सहज रक्त येणाऱ्या चामखिळी उठायच्या. व्हेरुगा नावाच्या या दुखण्याने सहसा कुणी मरत नसे. हा आजार आणि तो ताप यांचा काही संबंध असेल, यावर एकमत नव्हतं.

[दृश्य: भिंतीच्या फटीत बसलेली वाळूमाशी, खूप जवळून.]

ही वाळूमाशी, लुट्झोमिया व्हेरुकारम. डासापेक्षा लहान, अंगभर लव, बसताना पंख पाठीवर उभे. दिवसभर दगडांच्या आणि भिंतींच्या फटीत लपते, अंधार पडू लागला की चावायला बाहेर पडते. साधारण 500 ते 3,200 मीटर उंचीवरच्या खोऱ्यांत तिचा वावर. मच्छरदाणी साधी असेल तर तिच्या भोकांतून ही माशी आत शिरते. जाळी बारीक हवी किंवा कीटकनाशकात भिजवलेली. वाळूमाश्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला, 1965 मध्ये सापडलेला विषाणू त्यांच्यामार्फतच पसरतो. पेरूतली माशी जो जिवाणू टोचते, त्याचं नाव बार्टोनेला बॅसिलिफॉर्मिस.

[दृश्य: ॲनिमेशन. तांबडी पेशी आणि तिच्याकडे सरकणारा जिवाणू.]

चावल्यानंतर ताप यायला बहुधा काही आठवडे जातात, कधी काही महिनेही. तापाच्या दिवसांत काय घडतं ते नीट पाहू. जिवाणूच्या एका टोकाला शेपट्यांचा झुपका असतो. त्यांच्या जोरावर तो गिरमिटासारखा फिरत पेशीला भिडतो. तो सोडतो त्या डिफॉर्मिन नावाच्या द्रव्याने पेशीच्या आवरणाला खोल खळगे पडतात आणि त्यांतून तो आत शिरतो. आजार जोरात असला की बहुतेक तांबड्या पेशींमध्ये जिवाणू सापडतात.

पण पेशी मुख्यतः रक्तवाहिनीत फुटत नाही. तांबडी पेशी पाणथरीच्या, म्हणजे प्लीहेच्या, बारीक चाळणीतून वाकून, दबून पार होत असते. खळगे पडलेली पेशी ठिसूळ होते, चाळणीत अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. यकृतातही तेच. अस्थिमज्जा जिवाच्या आकांताने नव्या पेशी पाठवते; त्या कोवळ्या पेशींतही जिवाणू शिरतो. म्हणून घसरण इतकी वेगाने होते: दर घनमिलिमीटरला 50 लाखांच्या घरातल्या तांबड्या पेशी काही दिवसांत 10 लाखांवर येऊ शकतात.

[दृश्य: लॅब. सेंट्रिफ्यूजमधून काढलेली रक्ताची नळी, वरचा थर लाल.]

इथे दुसऱ्या एका जिवाणूबद्दल सांगायलाच हवं, कारण तो कुठल्याही शहरातल्या रुग्णालयात गाठू शकतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. पित्ताशयाचा, आतड्याचा किंवा गर्भपातानंतरचा संसर्ग रक्तात उतरला, तर त्याचं अल्फा टॉक्सिन हे विष पेशीच्या आवरणातलं लेसिथिन हे स्निग्ध द्रव्य तोडतं आणि पेशी रक्तवाहिनीतच फुटतात. नळीत वरचा थर फिकट पिवळा दिसायला हवा, तो कोकमाच्या आगळासारखा लाल दिसतो. लघवी काळपट लाल होते. सॅम्पल घेतानाच पेशी फुटल्या असं धरून लॅबमधून निरोप येतो, ‘सॅम्पल हिमोलाइझ झालंय, नवं पाठवा.’ वेळ इथेच वाया जातो. दुसरं सॅम्पल नीट घेऊनही लाल आलं, तर दोष सुईत नाही, रुग्णाच्या रक्तात आहे. एरवी हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीचा, आकडा हिमोग्लोबिनच्या साधारण तिप्पट असतो; मोकळं हिमोग्लोबिन मशीन मोजत असल्याने ते गणितही बिघडतं. असं दिसलं की लॅबने रिपोर्टची वाट न पाहता वॉर्डात फोन करावा. पेनिसिलिन, क्लिंडामायसिन आणि संसर्गाच्या मुळावर शस्त्रक्रिया, हे सगळं तासाभराच्या हिशोबाने करायचं असतं. उपचार होऊनही पुष्कळ रुग्ण दगावतात.

[दृश्य: लिमा. दोस दे मायो रुग्णालयाचं जुनं छायाचित्र.]

पुन्हा पेरूकडे. 27 ऑगस्ट 1885. दानिएल आल्सिदेस कारिओन, वय 28, वैद्यकीचा विद्यार्थी. या रुग्णालयातल्या एका मुलाच्या चामखिळीतलं रक्त त्याने स्वतःच्या दंडात टोचून घेतलं. व्हेरुगाची सुरुवात कशी होते, हे त्याला बघायचं होतं. 17 सप्टेंबरला लक्षणं सुरू झाली. तापात, अंगदुखीत तो आपल्या आजाराची टिपणं स्वतः लिहीत राहिला. 26 तारखेनंतर हात चालेना, तेव्हा सोबतच्या विद्यार्थ्यांनी ते काम घेतलं. त्याला आला होता तो ओरोया ताप. 5 ऑक्टोबरला तो गेला. चामखीळ आणि ताप एकाच आजाराची दोन रूपं आहेत, हे त्याच्या रक्ताने दाखवलं. पेरूत 5 ऑक्टोबर हा वैद्यकदिन आहे. तो का, हे प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला ठाऊक असावं असं आम्हाला वाटतं.

1909 मध्ये डॉक्टर आल्बेर्तो बार्टन यांनी तांबड्या पेशींतल्या या जिवाणूचं वर्णन छापलं. हार्वर्डचं पथक 1913 मध्ये आलं आणि हे दोन वेगळे आजार आहेत असं सांगून गेलं. कारिओनची बाजू पक्की व्हायला 1926 उजाडलं. नोगुची आणि बातिस्तिनी या संशोधकांनी ताप आलेल्या रुग्णाच्या रक्तातून जिवाणू वाढवला, माकडांना टोचला आणि त्यांच्या अंगावर चामखिळी उठल्या.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली गीम्सा रंग दिलेली काचपट्टी.]

डोंगरातल्या आरोग्यकेंद्रात आजही निदानाची सुरुवात इथूनच होते. रक्ताचा पातळ थर, गीम्सा रंग, शंभरपट मोठं दाखवणारं तेलभिंग. गुलाबी पेशींवर जांभळट बारीक काड्या दिसतात. चुकायला दोन्हीकडून जागा आहे. काचपट्टी नीट धुतली नाही तर रंगाचा गाळही तसाच दिसतो, पेशीवर बसलेली प्लेटलेट फसवते. आणि जिवाणू थोडेच असतील तर काचपट्टी निगेटिव्ह येते, आजार मात्र असतोच. कल्चर लावायचं, म्हणजे जिवाणू लॅबमध्ये वाढवून पाहायचा, तर रक्तमिश्रित अगार ही जेली आणि 28 अंशांच्या आसपास तापमान. नेहमीच्या 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये तो नीट वाढत नाही. वाढायला काही आठवडे लागतात, तोवर उपचार थांबवता येत नाहीत.

उपचारांत एक मोठा धोका असतो. या तापात प्रतिकारशक्ती ढासळते आणि साल्मोनेला हा टायफॉइडच्या कुळातला जिवाणू रक्तात शिरतो. उतरलेला ताप पुन्हा चढला, पोट बिघडलं, तर आधी त्याचा संशय घ्यायचा. पूर्वी क्लोरॅम्फेनिकॉल वापरायचे, तेही याच कारणाने: एका औषधात दोन्ही जिवाणू. आता सिप्रोफ्लॉक्सॅसिन देतात, गंभीर रुग्णाला सोबत सेफ्ट्रिॲक्झोन. हिमोग्लोबिन फारच खाली गेलं तर रक्त चढवायचं.

[दृश्य: दोन काचपट्ट्या शेजारीशेजारी.]

डावीकडची काचपट्टी ऐन तापातली: पेशींवर काड्याच काड्या. उजवीकडची रुग्ण सुधारू लागल्यावरची: काड्या आखडून गोल ठिपके झालेत, कोवळ्या निळसर पेशींची गर्दी आहे. औषध लागू पडतंय की नाही, हे अनुभवी टेक्निशियन या आकारावरून सांगतो.

[दृश्य: संध्याकाळ. खोऱ्यातलं घर, अंगणात बसलेली माणसं.]

ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी चामखिळी येतात. तोवर जिवाणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरात बसून नव्या वाहिन्या वाढवत असतो. काहींना ना ताप येतो, ना चामखीळ. तरी रक्तात जिवाणू असतो. माणसाखेरीज त्याचा दुसरा आसरा अजून सापडलेला नाही. म्हणून फवारणीवाले पथक घरात आजारी कुणी नसलं तरी आत येतं, आणि पलंगामागच्या फटींपासून सुरुवात करतं.